केसभर जाड गोळ्या

फौजेतून आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात, लढाई बघितली का? मी सतरा वर्षं आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे पलटणीच्या हत्यारांचा मिस्त्री. लढणाऱ्याच्या हातातली बंदूक बिघडली की ती माझ्या टेबलावर यायची, दुरुस्त होऊन परत जायची. त्यामुळे लढाईच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. सांगण्यासारखी आहे ती काही शिशाच्या गोळ्यांची गोष्ट. कागदाच्या लक्ष्यावर मारायच्या त्या गोळ्या पिस्तुलात बसत नव्हत्या. का बसत नव्हत्या ते मला कळलं होतं, आणि मी ते सांगितलं नाही.

त्र्याण्णव साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव मेढ्याजवळ, पण तिथं डोंगरउतारावरच्या दोन तुकड्यांखेरीज काही नव्हतं. सांगलीच्या एका रायफल क्लबला हत्यारं सांभाळणारा माणूस हवा होता. बायको कमल आणि मी सांगलीत दोन खोल्या घेऊन राहिलो. क्लबचा माळ गावाबाहेर होता. एका बाजूला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं लक्ष्यं, अलीकडं पत्र्याची शेड, आणि शेडला लागून माझी खोली. खोलीला दोन कुलपं. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

नेमबाजांखेरीज इतर लोकही यायचे. परवान्याच्या बंदुका असलेले द्राक्षबागायतदार यायचे. एकदा एक जण तणतणत आला, की दुकानदारानं खोटी काडतुसं दिली, बंदुकीत जातच नाहीत. मी नळीत उजेड धरून बघितलं. कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधलं होतं. त्यांना सांगितलं, "दुकानदाराची माफी मागा, आणि बंदूक वर्षातनं एकदा तरी खुंटीवरून खाली काढा." माझं काम बरंचसं असंच चालायचं. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, जात नाही म्हटलं की दोष तीनच ठिकाणी असू शकतो. एक तर चेंबर घाण असतं, नाही तर काडतुसाचा पितळी खोखा बिघडलेला असतो, नाही तर गोळी. माणसं उगीच चौथं कारण शोधत बसतात.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेचा खोखा, त्याच्या बुडात ठिणगी देणारी टोपी, पोटात बारूद, आणि तोंडात गोळी. गोळी उडून गेली की खोखा मागं राहतो आणि तो पुन्हा भरता येतो. आमचं स्पर्धेचं पिस्तूल बत्तीस बोअरचं होतं. त्याची बाहेरून येणारी काडतुसं वेळेवर मिळत नसत. म्हणून क्लबनं रीतसर परवानगी काढून काडतुसं आपणच भरायला सुरुवात केली. भरणारा मी, आणि गोळ्या ओतणाराही मीच. भंगारातल्या जुन्या नळांचं शिसं वितळवायचं, दोन फाळ्यांच्या लोखंडी साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा उघडून गोळी बाहेर. साचा इतका नेमका होता की निघालेली गोळी थेट खोख्यात बसायची, घासून बारीक करायची गरज पडायची नाही. माझ्या गोळ्यांवर बारीक सुरकुत्या यायच्या खऱ्या. पण तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

आमचे सगळ्यात चांगले नेमबाज खोत मास्तर. शिराळ्याकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. दर रविवारी पहाटेच्या एसटीनं यायचे. सडपातळ, कमी बोलणारे. पिस्तूल हातात घेतलं की त्यांचा श्वास चाललाय की नाही कळायचं नाही. सराव झाला की छिद्रं पडलेला कागद घेऊन ते आधी माझ्या खोलीत यायचे. डावीकडं का गेली, खाली का गेली, हे आम्ही दोघं बघायचो. क्लबात वकील होते, डॉक्टर होते, कारखान्याचे संचालक होते, पण मास्तर आधी माझ्याकडे यायचे. मला ते फार मोलाचं वाटायचं.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. क्लबच्या ऑफिसात खुर्चीवर बसून चहा प्यायला मला वर्ष लागलं. कुणी मनाई केली नव्हती. पण बसा असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि आमच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला न म्हटलेलं आधी ऐकू येतं. वडिलांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली, मला शिकवलं, फौजेत धाडलं. कुणापुढं वाकायचं नाही, हे त्यांनी शिकवलं होतं. पण बसायला जागा आपली आपण करावी लागते. ती मी हातातल्या कामानं केली होती.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर आमचे सेक्रेटरी, शिंदे वकील, एका माणसाला घेऊन आले. नाव विठ्ठल गुरव, मूळचे म्हसवडचे. वय पन्नाशीचं, अंगानं किरकोळ, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढरे ठिपके. वकिलांच्या नोटिसा ज्या छापखान्यात छापायच्या तिथं गुरव तीस वर्षं छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ओतत होते. छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि खिळे भंगारात निघाले. वकिलांनी खिळ्यांची चार पोती घेतली आणि त्यांच्याबरोबर गुरवांनाही क्लबात आणलं. म्हणाले, "गायकवाड, तुमचा ओतकामाचा त्रास वाचला. हे ओततील, तुम्ही भरा." मग गुरवांना म्हणाले, "बसा ना, उभे का?" गुरव बसले.

माझी त्यांच्यावरची पहिली चीड ती, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता.

पहिला महिना त्यांनी माझ्याच नळाच्या शिशातून गोळ्या ओतल्या. साचा आधी दिव्याच्या काजळीवर धरला. माझ्यापेक्षा जास्त तापवला. पळीनं शिसं ओतताना हात थांबला नाही की घाई केली नाही. साच्यावर लाकडी ठोकळ्यानं एकच टिचकी मारली. गोळी पडली ती आरशासारखी. कडा धारदार, सुरकुती एकही नाही. मी ती चिमटीत धरून फिरवून फिरवून बघितली. दोष सापडावा म्हणून बघत होतो.

मास्तरांनी त्या गोळ्या मारल्या तेव्हा कागदावरची छिद्रं एकमेकांत शिरली. त्या रविवारी मास्तर कागद घेऊन खोलीत आले, आणि मला दाखवायच्या आधी भट्टीकडं गेले. गुरवांना म्हणाले, "बघा, तुमची करामत."

मग ते दर रविवारचंच झालं. मास्तर एसटीतून उतरले की शेडमागं भट्टीपाशी जायचे, शिराळ्याहून आणलेल्या शेंगा दोघं मिळून खायचे. मला हाक मारायचे, नाही असं नाही. मी म्हणायचो, काम आहे. काम काही नसायचं. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. मास्तर इतकं हसतात हे मला ठाऊकच नव्हतं.

घरी मी याबद्दल बोलायचो नाही. कमल एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "गुरवांचं नाव घेताना तुमचा आवाज बदलतो." मी म्हटलं, काहीतरीच काय. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

राज्याच्या स्पर्धेला तीन आठवडे राहिले तेव्हा गुरवांनी माझं शिसं बाजूला ठेवलं आणि छपाईच्या खिळ्यांचं पोतं सोडलं. खिळ्यांचं शिसं कडक असतं, त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. कडक गोळी नळीत झिजत नाही, सरळ जाते. त्यांनी तीनशे गोळ्या काढल्या. मी त्यातल्या काही भरल्या. रविवारी मास्तर नेम धरायच्या फळीवर उभे राहिले आणि दुसऱ्याच काडतुसाला पिस्तूल अडलं. मागचा भाग पुढं येऊन पुरता मिटला नाही, नखाएवढी फट राहिली. ते काढलं, दुसरं घातलं, गेलं. तिसरं अडलं. मास्तरांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि वकिलांकडं बघितलं. वकिलांनी माझ्याकडं.

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. चेंबर पुसून बघितलं, स्वच्छ होतं. खोख्यांची लांबी मोजली, बरोबर होती. मग मायक्रोमीटर घेऊन गोळ्या मोजायला बसलो. पन्नास मोजल्या. प्रत्येक गोळी माझ्या जुन्या गोळीपेक्षा केसभर जाड, आणि पन्नासच्या पन्नास अगदी सारख्या. जाड गोळीनं खोख्याचं तोंड फुगवलं होतं. आमच्याकडं दोन बनावटींचे खोखे होते, एकाची भिंत पातळ, दुसऱ्याची जाड. पातळ भिंतीच्या खोख्यात गोळी जाड असली तरी काडतूस जात होतं. जाड भिंतीच्यात अडत होतं.

म्हणजे अर्ध्या तासात मला सगळं समजलं होतं. पातळ खोखे निवडून तेवढेच भरले असते तरी भागलं असतं. किंवा पोलादाच्या नेमक्या भोकातून गोळ्या दाबून काढल्या असत्या तर सगळ्याच बसल्या असत्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सारख्या गोळ्या म्हणजे ओतणाऱ्याचा हात पक्का. कच्च्या हाताची एक जाड येते, एक बारीक. या गोळ्या मोजल्या की गुरवांच्या हाताची साक्षच मिळत होती.

दार उघडून मी वकिलांना म्हणालो, "साहेब, गोळ्या जाड आल्यात."

खोटं नव्हतं ते. फक्त सारख्या जाड आल्यात, हे मी सांगितलं नाही.

वकील म्हणाले, "म्हणजे हात अजून बसला नाही त्यांचा."

मी मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. आजही त्याला दुसरं नाव देता येत नाही.

वकिलांनी गुरवांना सौम्यपणेच सांगितलं. स्पर्धा जवळ आलीय, आता प्रयोग नकोत, पुढं गरज लागली की बोलावू. गुरवांनी ऐकून घेतलं. हात धुतले, खांद्यावरच्या टॉवेलला पुसले आणि माझ्या दाराशी आले.

"हवालदार, तुमी मोजल्यात?"

"मोजल्यात."

"किती?"

"पन्नास."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "बरं," म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले.

मी पुन्हा माझ्या नळाच्या शिशाच्या, माझ्या सुरकुत्यांच्या गोळ्या ओतल्या. त्या चेंबरमध्ये छान बसल्या. पण मास्तरांच्या कागदावरची छिद्रं एकमेकांपासून लांब गेली. आधी याच गोळ्यांवर आम्ही खूश होतो. आता मास्तरांना चांगलं काय ते कळलेलं होतं. कागद घेऊन ते माझ्या खोलीत आले, मला हवं होतं तसे, आधी माझ्याकडेच. विचारलं, "हवालदार, गुरव कुठं गेले?" मी म्हटलं, त्यांना दुसरीकडं काम लागलं. हे मात्र सरळ खोटं होतं.

एका गोष्टीनं मला चैन पडत नव्हतं. साचा तोच, ओतणारा हात तोच, मग गोळी जाड का आली? सतरा वर्षं हत्यारं उघडली, जोडली, पण याचं उत्तर मला येत नव्हतं. आणि ते कुणाला येत असेल, हे माहीत होतं. चार दिवस मी ते टाळलं. पाचव्या दिवशी दुपारी सायकल काढली. गुरव नदीकडच्या एका बोळात राहायचे. घरात एका बाजूला वह्यांच्या थप्प्या होत्या आणि ते मांडी घालून दोऱ्यानं त्या शिवत होते. बाइंडिंगचं काम घरी आणायला लागले होते. मला बघून उठले, सतरंजी टाकली, मुलीला चहा टाकायला सांगितलं.

मी कामाचं बोलतोय असं दाखवत विचारलं. त्यांनी सुई वहीत टोचून ठेवली.

"साधं शिसं थंड होताना आखडतं, हवालदार. खिळ्याचं शिसं लय कमी आखडतं. त्येच्यासाटनंच तर ते मिश्रण करत्यात. अक्षर आखडलं तर समदी ओळ ढिली हुती, छपाईत हलती. म्हणून त्याच साच्यातनं गोळी जाड येणार. सारखी येणार, पर जाड येणार."

"तुम्हाला हे त्याच दिवशी माहीत होतं?"

"काडतूस अडलं तवाच ध्यानात आलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

गुरवांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "तुमी पन्नास मोजल्या म्हणालात. पन्नास मोजल्याव कुणालाबी कळलं असतं. मग मी काय सांगायचं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी चहा प्यालो. तो पूर्ण प्यायला फार वेळ लागला. निघताना त्यांनीच सांगितलं, पोलादाच्या कड्याला नेमकं भोक पाडा आणि त्यातनं गोळ्या दाबून काढा, नाही तर खिळ्यांत निम्मं साधं शिसं मिसळा. कडं मला सुचलेलंच होतं. मिसळायचं मात्र सुचलं नव्हतं. तेवढ्यानंही मला परतीच्या वाटेवर जळजळ झाली.

मिरज रस्त्यावरच्या ओळखीच्या लेथवर मी स्वतः उभं राहून कडं करून घेतलं. आधी भरलेली काडतुसं सावकाश उघडून मोकळी केली, आणि गुरवांच्या सगळ्या गोळ्या एकेक करून त्या कड्यातून काढल्या. पुन्हा भरल्या. प्रत्येक काडतूस मोकळ्या चेंबरमध्ये सोडून बघितलं. आपल्या वजनानं आत जायचं आणि बारीक आवाज करून बसायचं. माझ्या धंद्यात त्याच्याइतका समाधानाचा आवाज दुसरा नाही.

मास्तरांचा राज्यात तिसरा नंबर आला. आमच्या छोट्या क्लबला ते फार मोठं होतं. शेडमध्ये कार्यक्रम झाला. वकिलांनी मास्तरांना हार घातला, मग मला पुढं बोलावून शाल दिली. म्हणाले, "ऐन वेळी गोळ्यांचा घोळ झाला होता. गायकवाडांनी तो निस्तरला." टाळ्या वाजल्या. मी नमस्कार केला. तोंड उघडायला तीच वेळ होती. समोर पन्नास माणसं होती, त्यातली निम्मी अशी की ज्यांनी माझ्यासाठी याआधी कधी टाळी वाजवली नव्हती. मी शाल नीट केली आणि जागेवर जाऊन बसलो.

घरी कमलनं शालीची घडी केली. विचारलं, "गुरव आले होते का?"

"नाही."

तिनं शाल पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

पुढच्या रविवारी मी मास्तरांना सगळं सांगितलं. मोठेपणानं नव्हे. ते खोलीत येऊन गोळ्यांचं कौतुक करायला लागले, म्हणाले, हवालदार, तुमच्या हाताला तोड नाही. ते मला ऐकवेना. हात गुरवांचा होता आणि कौतुक माझ्या नावावर पडत होतं. चोरलेल्या कौतुकाला चव नसते, हे मला तेव्हा कळलं. मी सांगत गेलो: मोजलेल्या पन्नास, वकिलांना अर्धंच सांगितलेलं, दुसरीकडं काम लागल्याची थाप. शेवटी मास्तर म्हणाले, "मला त्यांच्या घरी न्या."

आम्ही दोघं गेलो. मास्तरांनी खिशातून पदक काढून गुरवांच्या हातात ठेवलं. गुरव संकोचले, मुलीला बोलावून दाखवलं. मास्तरांनी परत येण्याविषयी विचारलं. गुरव म्हणाले, "न्हाई मास्तर. हितं बरं चाललंय. हवालदार सोता दोनदा घरला आलं, त्येच लय झालं." मग ते दोघं बोलायला लागले, शाळेचं, म्हसवडच्या यात्रेचं, मुलीच्या बारावीचं. तासभर बोलले. मी कोपऱ्यात वह्यांच्या थप्पीला टेकून बसलो होतो. मीच मास्तरांना तिथं आणलं होतं, केलेलं कबूल केलं होतं, आणि तरी त्यांना असं रमलेलं बघून आतून जळत होतो. चूक कबूल केली की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलांनाही सांगितलं. त्यांनी फाइलमधून डोकं वर न काढता म्हटलं, झालं ते झालं, नंबर आला ना. त्यांनी गुरवांना बोलावणं धाडलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. पुढं खिळ्यांच्या शिशाचं काही अडलं की मी बोळात जाऊन विचारून यायचो. गुरव सांगायचे, सगळं सांगायचे.

पिस्तूल दुसऱ्याच्या हातून घेतलं की आधी ते उघडून चेंबर रिकामं आहे का बघायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. देणारा कुणीही असो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. खोत मास्तर तो नियम सगळ्यांच्या बाबतीत पाळायचे, फक्त माझ्या हातून घेताना नाही. मी दिलेलं पिस्तूल ते तसंच घेऊन फळीवर जायचे. मी त्यांना त्यासाठी कधी रागावलो नाही. रागवायला हवं होतं.

गुरवांच्या घरून आल्यानंतरच्या रविवारी मी त्यांना पिस्तूल दिलं. नेहमीसारखा हसून नमस्कार केला त्यांनी. मग पिस्तूल उघडलं, उजेडाकडं धरलं, चेंबरमध्ये नीट बघितलं, मिटवलं आणि फळीकडं गेले.

पुढं सहा वर्षं ते येत होते. वागण्यात दुसरा काही फरक पडला नाही. दर रविवारी माझ्या हातून पिस्तूल घ्यायचे, आणि दर रविवारी उघडून बघायचे.